डाव्या गुडघ्याचा दोरा

भोर, आषाढ शु. १२
ता. २० जुलै १९३७

चि. आनंदास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तू वेल्ह्याला पोचल्याचं कोंडाआत्याच्या शेजाऱ्यांकडून कळलं, तुझ्याकडून नाही. महिना झाला. पाय दुखतो म्हणून हात चालत नाही, असं तर नाही ना?

काल एकादशी झाली. भोरेश्वराला जाऊन आले. इथे सगळं ठीक आहे. चातुर्मासाचा काही लहानसा नेम मीही धरला आहे, बायका धरतातच.

तुझ्या सायकल क्लबच्या कप्तानांचं कार्ड माझ्याच पत्त्यावर आलं, ते वाचलं. रागावू नकोस, कार्ड होतं, उघडंच होतं. कार्तिकी पौर्णिमेला कात्रजच्या घाटात चाचणी आहे. त्यात जो चढेल त्याचंच नाव पौषातल्या पुणे-सातारा शर्यतीला जाईल. खाली लिहिलंय, ‘आपले वय आता अठ्ठावीस. यंदा न आल्यास जागा तरुणास द्यावी लागेल.’ वाचून मला फार शिणल्यासारखं झालं. गेल्या पौषात खंबाटकीच्या उतारावरून तुला गाडीत घालून आणलं, तेव्हापासून तू वेल्ह्याला जाईपर्यंत मी एकच गोष्ट रोज पाहत होते, तुझ्या डाव्या गुडघ्याची वाटी. सूज चढते, उतरते, पुन्हा चढते. आता ती दिसतही नाही, म्हणून जास्त जड जातं.

तर एक कर. सोबत सुताचे दोन तुकडे पाठवते आहे. एक डाव्या गुडघ्याच्या बरोबर मधून गुंडाळायचा, एक उजव्या. टोकं जुळतील तिथे गाठ मारायची आणि परत पाठवायचे. ‘बरा आहे’, ‘ठीक आहे’ असल्या शब्दांवर माझा विश्वास नाही. दोरा खोटं बोलत नाही.

ज्याच्याकडे जातोस तो सावळा धनगर माणसांची हाडं बसवतो की नुसत्या शेळ्यांची, हेही कळव. हे हसतात, म्हणतात, शेळी तक्रार करत नाही एवढाच फरक.

आत्यांना नमस्कार. भाताची लावणी चालू असेल, वाकून काम करू नकोस.

तुझी,
अक्का

•

वेल्हे, ता. १ ऑगस्ट १९३७

ती. अक्कास आनंदाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र मिळालं. डाकवाला नसरापूरहून चार दिवस आलाच नव्हता, ओढा भरला होता. दोन्ही दोरे सोबत आहेत. निळी रेघ ओढलेला डाव्याचा. उजव्यापेक्षा दोन बोटं जास्त आहे, मला ठाऊक आहे, तू मोजून पुन्हा लिहू नकोस.

सावळा तोरण्याच्या उतारावर धनगरवाड्यात राहतो. शेळ्या, म्हशी आणि माणसं, सगळ्यांना एकच लेप आणि एकच शिवी. माझा गुडघा त्याने दोन्ही हातांत धरून डोळे मिटले, बराच वेळ. मग म्हणाला, “पैलवान, तुझं हाड बसलंय. पन तू बसत न्हाईस.” बांबूच्या कामट्या घालून पंधरा दिवस बांधला. आता सोडलाय. आणि आता जे चाललंय ते तुला लिहायला लाज वाटते.

रोज सकाळी मी त्याच्या म्हशीमागे चालतो. हाच उपचार. म्हशीच्या पुढे जायचं नाही. “म्हस उबी ऱ्हायली का उबं ऱ्हायचं. बसली का बसायचं. ती चढंल तेवढाच चढ तुजा.”

मी विचारलं, “आणि ती पळाली तर?”

“ती शानी हाय. पळत न्हाई.”

कोंडाआत्या दारात उभी राहून वाटेने येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते, “बगा वो, पुन्याच्या शर्यतीत हेच्या म्होरं मानसं असायची, हितं म्हशी हायेत. म्होरं कोन न्हाई असा दिवस काय हेच्या नशिबी दिसत न्हाई.” मग मला भाकरीवर दुप्पट लोणी घालते.

सायकल आत्याने आढ्याला टांगून ठेवली आहे, सावळ्याच्या हुकमाने. खाली बसून जेवतो तर वर तिची चाकं दिसतात. अक्का, पावसाळा हाच आमचा पाय कमवायचा काळ. पाऊस उघडला की पुण्याची पोरं कात्रजला दोन-दोन खेपा घालत असतील. आणि माझी मांडी बघवत नाही, हाताच्या वितीत मावते. परवा कणगीमागे कोणी नसताना वीस बैठका मारल्या. उठताना भिंत धरावी लागली. सावळ्याला बोट लावताच कळलं. दिवसभर बोलला नाही. म्हैससुद्धा माझ्याकडे बघत नव्हती असं वाटलं.

कप्तानांना ‘येतो’ असं कळवलं आहे. तू काही म्हणू नकोस.

दाजींना नमस्कार.

तुझा,
आनंदा

•

भोर, श्रावण शु. ८
ता. १४ ऑगस्ट १९३७

चि. आनंदास अनेक आशीर्वाद.

दोरे मिळाले. खिळ्याला अडकवून ठेवले आहेत, देवघरात, समईच्या बाजूला. येता-जाता दृष्टीस पडतात.

बैठकांबद्दल काय लिहू? लहानपणी उत्रोलीच्या शेतात पायात काटा मोडला तेव्हा चार दिवस लपवून ठेवलास, पाय सुजला तेव्हा दाखवलास. अठ्ठावीस वर्षांचा झालास, कणगीमागे जातोस. सावळ्याचं ऐक. मी त्याला पाहिलेलं नाही, पण जो माणूस रागावल्यावर ओरडत नाही, तो खरा रागावलेला असतो.

कप्तानांना ‘येतो’ लिहिलंस ते बरं केलंस की वाईट, मला ठरवता येत नाही. मला तू यावंस असं वाटतं. हे लिहू नये, पण वाटतं. कापूरहोळच्या फाट्यावर तुम्ही सगळे येता तेव्हा मी दरवर्षी उभी असते, तू मान खाली घालून माझ्यासमोरून जातोस, बघतसुद्धा नाहीस. तेवढ्या एका क्षणासाठी मी चार कोस गाडीतून येते. तो यंदा चुकावा असं कसं म्हणू?

माझी तब्येत छान आहे. श्रावणात उपासतापास असतात त्यामुळे थोडी हलकी झाले, एवढंच. पुढच्या पत्रात डाव्याचा दोरा पुन्हा पाठव.

तुझी,
अक्का

•

भोर, ता. १६ ऑगस्ट १९३७

चि. आनंदराव यांस मानसिंगरावांचे आशीर्वाद.

हे पत्र घरात न सांगता शाळेतून लिहितो आहे. वर्गाला निबंध घातला आहे, तोवर उरकतो.

तुमच्या बहिणीचा ‘लहानसा नेम’ असा आहे. तुम्ही सायकलवर बसल्याचं कळेपर्यंत त्या दिवसातून एकच वेळ जेवणार. तेही भात वर्ज्य. आषाढी एकादशीला भोरेश्वरापुढे बोलून आल्या. महिना होत आला. काल विहिरीवरून येताना घेरी आली, पायरीवर बसून राहिल्या. मला म्हणाल्या, ‘चप्पल सरकली.’ त्यांच्या पायात चप्पल नव्हती.

मी समजावून पाहिलं. मॅट्रिक झालेल्या बाईशी वाद घालणं सोपं नाही. त्या म्हणतात, देवाला दिलेला शब्द मोडला तर त्याचा भार तुमच्या गुडघ्यावर येईल. आता यावर शाळामास्तराने काय उत्तर द्यावं?

तुम्ही घाई करावी म्हणून हे लिहीत नाही. पण कोणाला तरी सांगावंसं वाटलं. मी कळवल्याचं त्यांना कळू देऊ नये.

मानसिंगराव

•

वेल्हे, ता. २८ ऑगस्ट १९३७

ती. अक्कास शि. सा. नमस्कार वि. वि.

आनंदाची बातमी. आज सायकलवर बसलो. सावळ्यानेच आढ्यावरून उतरवून दिली. गावातून नदीपर्यंत गेलो आणि परत आलो. गुडघा काहीच बोलला नाही. आत्याने दृष्ट काढली.

डाव्याचा दोरा सोबत आहे. बघ.

आता तू निर्धास्त राहा. खा-पी. जास्त लिहीत नाही, डाकवाला उभा आहे.

तुझा,
आनंदा

•

भोर, श्रावण वद्य १४
ता. ३ सप्टेंबर १९३७

चि. आनंदास अनेकानेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुपारी आलं. दोरा हातात घेतला, खिळ्यावरच्या उजव्याच्या दोऱ्याशी लावून पाहिला. अगदी बरोबर! तंतोतंत! ह्यांना हाक मारली, त्यांनाही दाखवला. ते नुसतेच ‘वा’ म्हणाले. पुरुषांना कशाचं काही वाटत नाही.

आता तुला सांगायला हरकत नाही. तू सायकलवर बसेपर्यंत मी एकभुक्त होते. शेहेचाळीस दिवस झाले. आज तिन्हीसांजेला भोरेश्वराला जाऊन नारळ फोडला, गुरवाच्या देखत सांगितलं, ‘देवा, माझा भाऊ बसला, मी सुटले.’ घरी येऊन वरण-भात केला. पहिल्या घासाला रडूच आलं. मग दोन वाढी जेवले. ह्यांनी तूप वाढलं, मी नको म्हणाले नाही.

आनंदा, मी तुला कधी सांगितलं नाही, पण शेवटी शेवटी फार जड गेलं. सकाळी उठून ताक करायचं म्हटलं तरी हात उचलत नव्हते. बरं झालं, संपलं.

आता हळूहळू वाढव. रोज थोडं. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत अडीच महिने आहेत.

सोबत आमसुलाची पुडी आणि लेपावर बांधायला धुऊन वाळवलेल्या जुन्या धोतराच्या पट्ट्या पाठवते आहे. आता लागायच्या नाहीत, पण असू देत.

तुझी,
अक्का

•

भोर, भाद्रपद वद्य ६
ता. २५ सप्टेंबर १९३७

चि. आनंदास आशीर्वाद.

हे तिसरं कार्ड. पहिल्या दोहोंचं उत्तर नाही. गौरी-गणपती झाले, पितरांचा पंधरवडा लागला.

काल वेल्ह्याकडचा सोनबा हिरडा घेऊन बाजारात आला होता. मी तुझी चौकशी केली. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “हायेत. पडूनच हायेत.” मी म्हटलं, पडून म्हणजे? सायकल चालवतो ना? तर म्हणाला, “बाई, म्या काय सांगू, तुमी इचारा त्यास्नी.” आणि पोतं उचलून चालता झाला.

जे असेल ते लिही. कार्डावर लिहायचं नसेल तर पाकिटात लिही. पण लिही.

अक्का

•

वेल्हे, ता. ३ ऑक्टोबर १९३७

ती. अक्कास आनंदाचा शि. सा. नमस्कार.

लिहितो.

ऑगस्टात मी सायकलवर बसलो नव्हतो. सावळ्याने ती उतरवली नव्हती. दोरा उजव्या गुडघ्याचा होता. तुझ्या नेमाचं मला कळलं होतं. कोणाकडून ते विचारू नकोस, ज्याने कळवलं त्याने जिवाला लागलं म्हणून कळवलं. मला वाटलं, चार ओळी लिहीन, ती जेवेल. पुढे खरोखर बसेन तेव्हा खोटं आपोआप मिटेल.

मग तुझं पत्र आलं. माझ्या शब्दावर तू देवळात जाऊन देवाला सांगून आलीस. तुला खोटं लिहिलं होतं, ते मी पचवलं असतं. पण तू ते त्याच्यापुढे वाचलंस. चार दिवस घास गोड लागला नाही. सारखं वाटायचं, ती जेवते आहे, आणि त्या प्रत्येक घासाचा हिशेब कुठे तरी चुकतो आहे, आणि तो तिच्यावर येईल, माझ्यावर नाही.

म्हणून खरं करायचं ठरवलं. अनंत चतुर्दशीला आत्या पूजेला गेली होती. सायकल मीच उतरवली. नदीपर्यंत जाऊन यायचं, पत्रात लिहिलं होतं तेवढंच, एक हातही जास्त नाही. जाताना काही झालं नाही, अक्का. खरंच सांगतो, जाताना असं वाटलं की पुन्हा सगळं मिळालं. चिखलात चाक सरकत होतं तरी हसत होतो. येताना तो लहानसा चढ आहे देवळाजवळ, म्हैस चघळत चघळत चढते तो. तिथे जोर दिला आणि वाटी सरकली. पडलो ते कळलं, पुढचं नाही.

सावळा आला. माझ्याकडे बघितलं, सायकलीकडे बघितलं. “कुनासाठी चढलास?” म्हणाला. मी म्हटलं, देवासाठी. तो म्हणाला, “द्येवाला सायकल कशाला लागती?” आणि बांधायला बसला. बांधताना एकच गाठ त्याला दोनदा मारावी लागली, म्हातारा झाला आहे, मला आधी कधी दिसलं नव्हतं. तू पाठवलेल्या धोतराच्याच पट्ट्या लागल्या.

आत्या बडबडत होती, “बहीन उपाशी मरती, भाऊ पडून मरतुया, ह्या घरान्यात जेवायचं कुनालाच कसं जमत न्हाई गं बया!” मग मोरीत जाऊन रडली.

सावळा म्हणतो, यंदाच्या थंडीत नाही.

आता तुला हात जोडून सांगतो, पुन्हा उपास धरू नकोस. माझ्याच्याने आता कोणाच्या पोटाचा भार वाहवत नाही. माझाच पाय मला जड झाला आहे.

तुझा,
आनंदा

•

भोर, आश्विन शु. १२
ता. १६ ऑक्टोबर १९३७

चि. आनंदास आशीर्वाद.

दसरा झाला की लिहीन म्हणून थांबले. सोनं वाटायला बायका आल्या, हसले, बोलले. तुझं पत्र पोळपाटाखाली होतं.

ह्यांनी स्वतःच कबूल केलं, ‘मी कळवलं.’ दोन दिवस बोलले नाही मी. तिसऱ्या दिवशी त्यांना डबा द्यायला विसरले, ते उपाशी शाळेत गेले आणि आल्यावर त्यांनी स्वतःच ताट वाढून घेतलं. मग माझाच राग गेला. ह्या घरात उपाशी माणसाला कोणी विचारतच नाही का, असं मनात आलं.

तू खोटं लिहिलंस म्हणून रागावणार होते. चार ओळी लिहिल्या, फाडल्या. कारण एक गोष्ट आहे, ती मी कोणाला सांगितलेली नाही, ह्यांनाही नाही.

तो दोरा हातात घेतला तेव्हाच मला कळलं होतं.

मी पंधरा वर्षं शिवणकाम करते आहे. कोणाचे दोन दंड सारखे नसतात, दोन खांदे नसतात. आठ महिने पडून असलेला पाय आणि चालता पाय यांचा दोरा तंतोतंत एक येईल, एवढी बुद्धू मी नाही. टोकं जुळली तेव्हा दोरा पुन्हा एकदा लावून पाहिला. आणि मग मी काय केलं, तर ह्यांना हाक मारून मोठ्याने म्हणाले, ‘बघा, बरोबर!’ दुसऱ्याने ऐकलं की आपलंही आपल्याला खरं वाटतं. मला भूक लागली होती, आनंदा. शेहेचाळीस दिवस. मला वरण-भात हवा होता. देवापुढे गेले तेव्हा वर पाहिलं नाही, नारळ फोडला, पाणी पायावर सांडलं, तशीच घाईने घरी आले.

तू माझं पत्र वाचून खोटं खरं करायला निघालास. मी खोटं ओळखून खरं मानलं. आता सांग, कोणी कोणाला पाडलं?

आणि नेम तरी कसला बोलले! ‘गुडघा बरा होईपर्यंत’ असं बोलले असते. बोलले काय, ‘सायकलवर बसेपर्यंत’. मला तू बरा व्हायला हवा होतास की कापूरहोळच्या फाट्यावर समोरून जायला हवा होतास, हे देवाला तेव्हाच कळलं असेल. मला कळायला दसरा उजाडला.

पुन्हा उपास धरलेला नाही. दोन्ही वेळ जेवते. चव नाही, पण जेवते.

कार्तिकी पौर्णिमेचं काय ते तू ठरव. मी ‘जा’ म्हणणार नाही, ‘जाऊ नको’ही म्हणणार नाही. माझ्या तोंडातून निघालेलं तुझ्या पायात जातं, असं झालंय.

अक्का

•

वेल्हे, ता. २८ ऑक्टोबर १९३७

ती. अक्कास शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायचं होतं, आत्या म्हणाली, “काय लिवलंय एवढं?” मी म्हटलं, अक्का जेवते आहे असं लिहिलंय. ती म्हणाली, “मंग रडायला काय झालं?”

तू भुकेली होतीस, जेवलीस. यात मला पाडणारं काही नाही. मी पडलो तो माझ्या चढावर. हे दोन वाक्यांत संपवू या, अक्का, मला आता जास्त बोलण्याची ताकद नाही.

पट्टी सुटली आहे. काठी घेऊन अंगणात फिरतो. गुडघा अर्धा वाकतो, तिथून पुढे वाकत नाही. पायडल पूर्ण फिरायला जेवढा लागतो, तेवढा नाहीच. तरी परवापर्यंत मनात होतं की गुडघा आवळून बांधायचा आणि कात्रजला जायचं. एकदा चढायचं. मग काय व्हायचं ते होवो. सावळ्याला तसं म्हटलं. वाटलं, शिव्या देईल. तो शेळीचं दूध काढत होता. म्हणाला, “जा की. म्या कुटं धरलाय तुला? पन माघारी हितं येऊ नगंस. माज्यापाशी दुसरा गुडघा न्हाई.”

दूध काढून होईस्तोवर मी तिथेच बसलो होतो.

सोबत कप्तानांना लिहिलेलं पत्र आहे, उघडंच ठेवलं आहे, वाच. ‘यंदा माझे नाव धरू नये. जागा ज्यास देणे असेल त्यास द्यावी. पुढील वर्षी पाय साथ देईल तर तरुणांबरोबर चाचणीस उभा राहीन.’ एवढंच. तीनदा वेल्ह्याच्या डाकेपर्यंत नेलं आणि तीनदा परत आणलं. म्हणून तुझ्याकडे पाठवतो. तू भोरच्या पेटीत टाक. तुझ्यावर ठरवायला सोपवतो आहे असं समजू नकोस. ठरलं आहे, अक्षर माझं आहे, सही माझी आहे. फक्त टाकायला कोणी तरी हवं.

दिवाळीला येत नाही. एवढी वाट गाडीत बसवणार नाही.

तुझा,
आनंदा

•

भोर, कार्तिक शु. ५
ता. ८ नोव्हेंबर १९३७

चि. आनंदास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आलं. आतलं पत्र वाचलं, घडी घातली आणि दिवाळी होईपर्यंत ठेवून दिलं. खोटं कशाला सांगू, टाकवलं नाही. पाडव्याला वाटलं, उद्या. भाऊबीजेला तू नव्हतास, चंद्राला ओवाळलं, वाटलं, आज तर नकोच. ह्यांनी एकदा विचारलं, ‘मी टाकू का?’ म्हटलं, नको.

मनात काय होतं ते सांगते. तुझं पत्र घरात आहे तोवर नाव कटलेलं नाही, असं वाटत होतं. पौर्णिमेपर्यंत दहा दिवस आहेत, काही चमत्कार होईल. मग ध्यानात आलं की ही पुन्हा तीच मी, काहीतरी धरून बसलेली, आणि तिकडे तू काठी घेऊन अंगणात.

आज सकाळी स्वयंपाक उरकून निघाले. लखोटा चिकटवला. पेटीच्या तोंडाशी धरला तेव्हा हात थोडा थांबला, पण मागे एक म्हातारी कार्ड घेऊन उभी होती, ती म्हणाली, “टाका की बाई, ऊन व्हतंय.” टाकलं.

परतताना भोरेश्वरावरून आले. जावं की नाही कळेना, इतक्या दिवसांत गेले नव्हते. आत गेले, हात जोडून उभी राहिले. गुरव ओळखतो मला. वाट बघून बघून म्हणाला, “काय बाई, आज काई बोलायचं न्हाई का देवाला?”

म्हटलं, “नाही. आज नुसतीच आलेय.”

त्याने तीर्थ दिलं. मी खांबाला टेकून बसले. पाय दुखत होते, बसून बरं वाटलं. बराच वेळ बसले होते.

तुझी,
अक्का